रोजच्या जेवणाला पाने घ्यावीत का, आणि ती टेबलावर घ्यावीत का?

माजघर (रत्नागिरी)

गणपतीचे विसर्जन झाल्यावर मी दरवर्षीप्रमाणे चिनी मातीच्या ताटल्या जुन्या धोतराच्या फडक्याने पुसल्या आणि प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये कागद घालून कपाटात ठेवल्या. ठेवताना या वेळी प्रथमच वाटले की आपले काहीतरी चुकते आहे. या ताटल्या वर्षातून फार तर आठ दिवस बाहेर येतात. उरलेले दिवस घरची चार माणसे ज्या टेबलावर जेवतात, त्याच्या निम्म्या भागात गोळ्यांची पाकिटे, विजेचे बिल, चार्जर आणि लोणच्याच्या बरण्या कायमच्या वस्तीला असतात आणि जेवायच्या वेळी हे सारे कोपराने मागे सारून आपण ताटापुरती जागा करतो. पाहुण्यांना जो मान मिळतो तो घरच्यांना का मिळू नये, असा माझा सरळ प्रश्न आहे.

म्हणून माझे मत मांडते. निदान रात्रीच्या जेवणाला रोज पाने घ्यावीत, म्हणजे टेबल पूर्ण रिकामे करून, पुसून, प्रत्येकाची जागा आधी मांडून मगच हाक मारावी. एका माणसाला सुमारे 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट रुंदी लागते, त्यामुळे पाच फुटांच्या बाजूला दोन माणसे ऐसपैस बसतात आणि तिसरे बसवले की कोपर कोपराला लागते. पाण्याचे भांडे डाव्या हाताला ठेवावे. परदेशी पद्धतीच्या मांडणीत काटा डावीकडे, सुरी आणि चमचा उजवीकडे आणि पेला सुरीच्या वर, उजव्या बाजूला असतो. ती मांडणी काट्या-सुरीने जेवणाऱ्यांसाठी योग्यच आहे, पण आपला उजवा हात खरकटा असतो आणि पाणी आपण डाव्या हाताने उचलतो, म्हणून चित्रे पाहून भांडे उजवीकडे नेण्यात काही अर्थ नाही. माशांचे जेवण असेल तर काट्यांसाठी प्रत्येकाला वेगळी छोटी बशी हवीच. ताटाच्या कडेला साठत गेलेला काट्यांचा ढीग शेवटी भातात मिसळतो आणि मुले मासे टाळू लागतात, ती पुष्कळदा याच भीतीने.

फुलांविषयीही एक सांगते. टेबलावर फूल जरूर असावे, पण वासाचे नसावे. सुरंगीचा वळेसर किंवा सोनचाफा देवापुढे शोभतो. जेवणाच्या टेबलावर मात्र बांगड्याच्या तिखल्यातला तिरफळाचा वास त्याच्यापुढे दबून जातो. अबोलीला वास नाही आणि रंग असा आहे की स्टीलच्या साध्या तांब्याशेजारी चार फुले ठेवली तरी टेबल सजलेले दिसते.

आपले मत काय आहे, तेही वाचायला आवडेल.

पागोळी (दापोली)

आपले लेखन मनापासूनचे आहे, तरीही मी त्याच्याशी सहमत नाही, आणि विरोध का आहे ते नीट सांगते. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की ताटात गेली पाहिजे. थंड झालेली भाकरी वातड होते आणि तिच्यासाठी सकाळपासून केलेली मेहनत फुकट जाते. चार माणसे मांडलेल्या टेबलावर एकाच वेळी बसली, तर एक तर भाकऱ्या आधी भाजून ठेवाव्या लागतात किंवा भाजणारी बाई टेबलावर नसते. आमच्या घरी जो आधी येतो तो आधी जेवतो, त्याला गरम भाकरी आणि कुळथाची पिठी मिळते, आणि ही पद्धत मला गबाळी वाटत नाही.

दुसरे असे की पाने घेणे हे काम कोणाच्या तरी हातून व्हावे लागते. नारळ खवणणारे, मासे साफ करणारे, भाकऱ्या भाजणारे आणि शेवटी भांडी घासणारे हात जर एकाच व्यक्तीचे असतील, तर त्याच हातांना आणखी टेबल सजवायला सांगणे हा मान नव्हे, ते वाढीव काम आहे. मांडणीचे कौतुक जेवणाऱ्यांच्या वाट्याला येते आणि टेबलक्लॉथवरचे हळदीचे डाग धुणारीच्या वाट्याला. जुलै महिन्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस रुमाल वाळत नाहीत, तिथे टेबलक्लॉथ रोज धुऊन कुठे वाळत घालायचे, हेही सांगावे. स्वच्छ ताट आणि गरम अन्न एवढे असले की रोजच्या जेवणाला आणखी काही लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

किंजळ (कुडाळ)

मी लाकडाच्या कामात आहे, म्हणून कापडाच्या प्रश्नापुरते उत्तर देतो. कोकणात टेबलावर कापड अंथरूच नये, आणि प्लॅस्टिकचा जाड कागद तर मुळीच घालू नये. पावसाळ्यात त्या कागदाखाली ओल धरते आणि दसऱ्याला कागद उचलला की खाली बुरशीचे नकाशे उमटलेले दिसतात. लाकूड उघडे राहू द्यावे. फणसाचे लाकूड सुरुवातीला पिवळे असते आणि वर्षे जातील तसे तपकिरी होत जाते. त्या पृष्ठभागापेक्षा सुंदर कापड मी अजून पाहिलेले नाही. गरम पातेले थेट ठेवल्यास पॉलिशवर पांढरे वर्तुळ उठते, म्हणून पातेल्याखाली अडणी हवी. पूर्वी प्रत्येक घरात लाकडी किंवा लोखंडी अडणी असे. आज तिच्या जागी वर्तमानपत्राची घडी आली आहे आणि टेबल कुरूप दिसण्याचे निम्मे कारण माझ्या मते ती घडीच आहे.

भांड्यांविषयीही एक अनुभव लिहितो, कारण मांडणीच्या हौसेत ही चूक होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही आजीच्या पितळी वाट्या चिंचेने घासून लखलखीत केल्या आणि त्यांत सोलकढी वाढली. आतली कल्हई कधीच उडालेली होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. जेवण थोडे लांबले, तेवढ्यात सोलकढी कळकली. तिला विचित्र तुरट धातूचा वास आला आणि नारळाच्या दोन वाट्यांचा रस ओतून द्यावा लागला. आमसुलाचा आंबटपणा पितळेला आणि तांब्याला चालत नाही, म्हणून तर भांडे तापवून, त्यावर नवसागर टाकून, कथलाचा पातळ थर आतून फिरवला जात असे. हा थर झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. कल्हई करणारा मिळत नसेल तर पितळेत कोरडे पदार्थ वाढावेत आणि सोलकढी काचेच्या पेल्यात द्यावी. काचेतून तिचा गुलाबी रंगही दिसतो.

ओटी (मालवण)

वरील तिघांनीही टेबल गृहीत धरले आहे आणि माझा आक्षेप तिथेच आहे. रोज कोणी कुठे बसावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, परंतु सणाचे पान जमिनीवरच घ्यावे. आपल्या पानाची मांडणी इतकी विचारपूर्वक केलेली आहे की तिला बाहेरच्या सजावटीची गरज पडत नाही. केळीच्या पानाचे अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते, त्यामुळे रुंद बाजू उजव्या हाताला मोकळी राहते. प्रथम वर मधोमध मीठ वाढतात. मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, म्हणजे जे थोडे-थोडे लावून खायचे ते सारे येते. उजवीकडे भाज्या आणि उसळ, म्हणजे जे भरपूर आणि पुन्हा पुन्हा घ्यायचे ते येते, आणि मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि तुपाची धार. पांढरे, हिरवे, पिवळे आणि लाल हे रंग आपापल्या जागी आपोआप पडतात. पानाभोवती रांगोळीची महिरप, बसायला पाट आणि बाजूला समई असली की सगळी आरास पूर्ण झाली. ही महिरप टेबलावर कशी काढणार? पिठी भातात जाईल.

शिवाय टेबल सहा माणसांचे असते. चतुर्थीला आमच्या घरी मुंबईचे चाकरमानी धरून पंचवीस माणसे असतात. टेबलावर पाच पंगती उठतील, आणि पडवीत एकच. मोदक गरम असताना सगळ्यांच्या पानात एकदम पडला पाहिजे आणि त्यावर तूप पडेपर्यंत सगळ्यांनी थांबले पाहिजे. हे थांबणे मला त्या जेवणातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

तगर (वेंगुर्ले)

ओटी यांचे वर्णन वाचून डोळ्यांपुढे पंगत उभी राहिली, आणि त्याच पंगतीतली एक रिकामी जागाही उभी राहिली. माझ्या आत्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जमिनीवर बसायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले. त्या वर्षी चतुर्थीला आम्ही सर्व जण पडवीत पाटांवर बसलो आणि तिचे पान आत स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मी मोदक वाढायला आत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, पानावरचा भात तसाच होता, आणि बाहेरून हसण्याचा आवाज आला की ती मान वळवून दाराकडे पाहत होती. चाळीस वर्षे तिने त्या पंगतीला वाढले होते. सणाचे पान जमिनीवरच, हा नियम म्हणून पाळला की त्याची किंमत अशा माणसांना द्यावी लागते, आणि आज प्रत्येक घरात असे एखादे माणूस आहे.

पुढच्या वर्षी आम्ही टेबलच पडवीत आणले आणि पंगतीच्या टोकाला, पाटांच्या रांगेतच लावले. आत्या, मोठे काका आणि बाळंतपणानंतर माहेरी आलेली बहीण अशी तिघे त्यावर बसली. पाने तीच होती आणि वाढपही त्याच क्रमाने झाले. केळीचे पान टेबलावर नीट बसत नाही ही अडचण खरी आहे. मधली शीर मागून जाड असल्याने पान डुगडुगते आणि सार कडेला धावते. त्यासाठी शीर मागून सुरीने तासून घ्यावी आणि पान क्षणभर विस्तवावर धरावे, म्हणजे ते मऊ पडते आणि फाटत नाही. सार द्रोणात किंवा वाटीत द्यावे. महिरप टेबलावर काढता येत नाही हे मान्य आहे. आम्ही तिच्या जागी पानाच्या वरच्या कडेला झेंडूच्या पाकळ्यांची एक ओळ घातली. आत्याला ती आवडली की नाही हे तिने सांगितले नाही, पण त्या दिवशी तिने दोनदा भात मागून घेतला.

ओटी (मालवण)

तगर यांच्या आत्यांविषयी वाचून मी माझे वाक्य मागे घेतो. 'जमिनीवरच' यातला 'च' काढून टाकावा. टेबल पंगतीत आणणे आणि माणसाला पंगतीतून उठवून टेबलाकडे पाठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक मी केला नव्हता. मात्र जे बसू शकतात त्यांनी सोय म्हणून पाट माळ्यावर टाकू नयेत, हे माझे म्हणणे कायम आहे. माळ्यावरचे पाट पावसाळ्यात वाकतात आणि एकदा ते वाकले की पंगतही बंद पडते. नरकचतुर्दशीच्या सकाळी पोह्यांसाठी तरी ते बाहेर यावेत. गोडे, तिखट, दह्याचे, दुधाचे असे चार-पाच तऱ्हेचे पोहे मधोमध ठेवून भोवती पाटांवर बसण्यात जी मोकळीक आहे, ती खुर्चीत नाही.

पागोळी (दापोली)

चर्चा सणाकडे गेली, पण माझा प्रश्न रोजच्या जेवणाचा होता आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. पाने कोणी घ्यायची?

माजघर (रत्नागिरी)

पागोळीताई, आपला प्रश्न मी टाळला नव्हता, माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपला प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले की माझ्या माहेरी पाने घेणे हे मुलांचे काम होते. भात मुरत ठेवला की आई आतून 'पाने घ्या' एवढेच म्हणत असे, आणि पाट मांडणे, तांब्या-भांडी भरणे, मीठ आणि लिंबू वाढणे हे सगळे आम्ही भावंडे करत असू. ते काम मुलांकडून सुटले आणि नकळत बाईकडे आले. मी ते गेल्या आठवड्यापासून घरातल्या दोघांना परत दिले आहे. टेबल रिकामे करणे, पुसणे आणि पाणी भरणे हे त्यांचे काम आहे. टेबलक्लॉथ मी किंजळ यांचे ऐकून काढून टाकला. कोपऱ्यातला बरण्यांचा संसार आता एका लाकडी तबकात मावतो आणि ते तबक उचलून बाजूला ठेवता येते.

भाकरीविषयीचे आपले म्हणणे मात्र पूर्ण खरे आहे आणि मी त्यापुढे माघार घेते. भाकरीच्या दिवशी सगळे एकदम बसणे शक्य नाही. आम्ही आता भाताच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून चार रात्री, पाने घेऊन एकत्र बसतो आणि भाकरीच्या रात्री आपल्यासारखेच जो येईल त्याला तव्यावरची देतो. परवा एक वेगळी गोष्ट घडली, म्हणून हे लिहायला बसले. मोठा मुलगा म्हणाला की शेवटच्या तीन भाकऱ्या मी भाजतो, तू बस. पहिली तव्यावर टाकताना मोडली, दुसरीला एका बाजूने डाग पडले. माझे ताट, वाटी आणि डावीकडे पाण्याचे भांडे धाकटीने मांडून ठेवले होते, पण पिठीच्या पातेल्याखाली अडणी ठेवायला ती विसरली होती, त्यामुळे टेबलावर एक पांढरे वर्तुळ उमटले आहे. ते घालवण्याचा उपाय किंजळ यांनी सांगावा. तिसरी भाकरी चांगली फुगली होती आणि ती मी गरम खाल्ली.

पागोळी (दापोली)

मोडलेली भाकरी पिठीत कुस्करून अधिक चांगली लागते, मुलाला तसे सांगा. आठवड्यातल्या चार रात्री मला मान्य आहेत. टेबलक्लॉथ मात्र मी अजूनही घेणार नाही.