इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या कशा शिकवाव्यात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. काळ, प्रयोग जमतात त्यांना, पण कोणत्या क्रियापदापुढे काय येतं तिथे गाडी अडते. 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' तर सर्रास लिहितात. त्यात मुलांचा काय दोष? आपण समस्येबद्दल चर्चा करतो, आणि इंग्रजीतही 'डिस्कशन' या नामापुढे 'अबाउट' चालतंच. क्रियापद मात्र थेट कर्म घेतं. 'मॅरी विथ' या चुकीमागेही आपला ('कोणाशी लग्न करणं'मधला) 'शी' प्रत्ययच असावा.

नामांचंही तेच. 'मिस्टेक'ला 'मेक', 'होमवर्क'ला 'डू'. 'डिसिजन'ला अमेरिकेत बहुतेक 'मेक', ब्रिटनमध्ये 'टेक'ही चालतं. मग उत्तरपत्रिकेत 'टेक' चूक धरणं मला पटत नाही.

खऱ्या वापरातली वाक्यं दाखवावीत असं वाटतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये (कॉर्पस म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचा मोठा संग्रह) सुमारे १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, पण त्यातली बरीच वाक्यं या मुलांना जड जातात. कोणी वर्गात कॉर्पस वापरलाय का? सोपी वाक्यं कशी निवडता? वहीत नोंदी क्रियापदानुसार करून घ्याव्यात की नामानुसार? माझा कल नामाकडे आहे, कारण लिहिताना मुलांना आधी तेच सुचतं. अनुभव असलेल्यांनी जरूर सांगा.