विषय: मुलं वाढताहेत, सेडान पुरत नाही – सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

इथे मिनेसोटात आमच्याकडे २०१४ ची सेडान आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची. जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, म्हणजे घरात सहा माणसं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. हिला तीन रांगांची एसयूव्ही हवी आहे, माझ्या कानावर सगळीकडून टोयोटाच्या सिएना मिनिव्हॅनचं नाव येतं. वापरलेलीच घेणार, ३०,००० डॉलरच्या आसपास. हिवाळ्यात इथून उत्तरेला डुलुथला दोन-तीन फेऱ्या असतात. विश्वासाची गाडी कोणती, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

– प्लीमथमधला नवा सभासद

———

नमस्कार,

मराठी मंडळात स्वागत. मुलांच्या कार सीट नीट बसवल्यात का, हे तपासून द्यायला मी स्वयंसेवक म्हणून जाते. त्यामुळे गाडीच्या नावाआधी कोण कुठे बसणार, तिथून सुरुवात करते.

धाकटी अजून बराच काळ पाठमोरी, म्हणजे गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसणार. मिनेसोटात १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत मूल पाठमोरंच हवं. पण दुसरा वाढदिवस झाला की लगेच सीट वळवायची, असं करू नका. सीटवर छापलेली वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत पाठमोरं ठेवा, असंच अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ २०१८ पासून सांगताहेत. मुलाला पट्टा नीट बसायला उंची साधारण चार फूट नऊ इंच लागते, आणि ती बहुतेक मुलं आठ ते बारा वर्षांच्या मधे कधीतरी गाठतात. तोवर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट. शिवाय तेरा पूर्ण होईपर्यंत जागा मागेच. म्हणजे तुम्ही आज गाडी घेताय ती दहा महिन्यांच्या बाळापुरती नाही, पाच वर्षांनी बारा वर्षांचा होणारा मुलगाही तिच्यात नीट बसला पाहिजे.

ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण २०२३ मध्ये विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं, आयआयएचएसनं, समोरून होणाऱ्या धडकेची नवी चाचणी चार मिनिव्हॅनवर घेतली. मागच्या सीटवर साधारण बारा वर्षांच्या मुलाएवढी बाहुली बसवली होती. टोयोटा सिएना, क्रायस्लर पॅसिफिका आणि किया कार्निव्हल तिघींना काठावरचे गुण मिळाले, होंडा ओडिसीला त्याहून खालचे. पट्टा छातीवर फार ताण देतो किंवा नको त्या जागी सरकतो, हा मुख्य दोष. तीन रांगांच्या एसयूव्हींपैकी सुबारू असेंट आणि फोर्ड एक्सप्लोरर त्याच चाचणीत चांगल्या ठरल्या होत्या. हे वाचून घाबरू नका. कार सीटमध्ये बसलेल्या लहान मुलांना ते गुण लागू होत नाहीत, आणि मुलांसाठी मागची जागाच सगळ्यात सुरक्षित, हे त्या संस्थेनंही सांगितलं. पण “व्हॅन म्हणजे सुरक्षितच” असं धरून चालू नका. ज्या वर्षाची गाडी घ्याल त्या वर्षाचे गुण त्यांच्या संकेतस्थळावर बघा. कार सीटचे अँकर (ती अडकवायच्या गाडीतल्या कड्या) हाताला किती सहज लागतात, याचेही वेगळे गुण तिथे असतात.

तरीही माझं मत व्हॅनकडेच झुकतं. आमची दुसरी मुलगी झाली तेव्हा आम्ही तीन रांगांची एसयूव्ही घेतली. शोरूममध्ये मधली सीट सरकवून तिसऱ्या रांगेत जाणं किती सोपं आहे, ते दाखवलं. बाळाची सीट घट्ट बसवल्यावर मात्र ती मधली सीट सरकेचना. तो अख्खा हिवाळा माझी सहा वर्षांची लेक डिकीतून चढून, सीटच्या पाठीवरून उडी मारून तिसऱ्या रांगेत जायची. बर्फाचे बूट घालून. रोज सकाळी मला धस्स व्हायचं. तिच्या सीटमागे डिकी म्हणजे दोन दप्तरं उभी राहतील एवढी जागा. टोयोटाच्या हायलँडर एसयूव्हीत तिसरी रांग उभी असताना मागे १६ घनफूट उरते, सिएनात ३३.५. सहा माणसांचं सामान घेऊन डुलुथला जायचंय म्हणून हा आकडा लक्षात ठेवा.

आणि तुमच्या आईंसाठी सरकता दरवाजा फार मोठी गोष्ट आहे. मेपल ग्रोव्हच्या मंदिरात सणाला पार्किंग कसं चिकटून असतं ते तुम्ही पाहाल. साडी सावरत, अर्ध्या उघड्या दारातून, उंच पायरीवरून उतरताना आमच्या सासूबाईंचा तोल गेला होता. व्हॅनमध्ये त्या आधी बसतात, मग पाय आत घेतात.

गाडी बघायला जाताना दोन्ही सीट बरोबर न्या. विक्रेत्यापाशी संकोच करू नका, अर्धा तास मागून घ्या. बाळाची सीट पाठमोरी बसवा, मग पुढच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा आणि गुडघे डॅशबोर्डला टेकतात का ते पाहा. मुलाला बूस्टरवर बसवून बकल त्याचं त्याला लावू द्या. बकल सीटच्या गादीत बुडालेलं असेल तर त्याला ते जमणार नाही, आणि शाळेच्या घाईत कधीतरी ते तसंच राहील. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय. पट्टा मानेला घासला की मुलं तो गुपचूप काखेखालून घेतात. तो खांद्याच्या मधोमध आणि खाली मांड्यांवर हवा, पोटावर नको.

अजून एक. खालच्या अँकरची मर्यादा असते, मूल आणि सीट मिळून साधारण ६५ पौंड. त्यापुढे सीट गाडीच्या पट्ट्यानं बसवायची. पुढे तोंड असलेल्या सीटचा वरचा टेदर (सीटची पाठ गाडीला बांधणारा पट्टा) मात्र नेहमी लावायचा. आणि जाडं जाकीट घालून मुलाला पट्ट्यात बसवू नका, पट्टा घट्ट वाटतो पण आत सगळी हवा असते. पट्टे लावून झाल्यावर जाकीट वरून पांघरा.

– ताई, ईडन प्रेरी

———

अरे, ताईंनी बसण्याचं सगळं सांगितलं, मी गाडीच्या तब्येतीचं सांगतो.

सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिड येते. गॅलनला सरासरी ३६ मैल, चारही चाकांना ताकद देणारी ३५. ओडिसीचं सहा सिलिंडरचं इंजिन तगडं आहे, पण सरासरी २२. ओडिसी घेतलीस तर इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती माग. एक लाख मैलांच्या आसपास तो बदलावाच लागतो, आणि चालू गाडीत तुटला तर इंजिनच जातं. सिएनाच्या मधल्या रांगेतल्या कडेच्या सीट काढता येत नाहीत, हे घेण्याआधी माहीत असू दे. हायब्रिड बॅटरीची हमी दहा वर्षं किंवा दीड लाख मैल, दुसऱ्या मालकालाही मिळते.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. गाडी बाहेरून चकचकीत दिसते आणि खाली ब्रेकच्या नळ्या खाल्लेल्या असतात. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवल्याशिवाय सही करायची नाही. गाडीचा सतरा आकडी-अक्षरी ओळख क्रमांक, व्हीआयएन, सरकारी संकेतस्थळावर टाकून रिकॉल (कंपनीनं जाहीर केलेली दोषदुरुस्ती) बाकी आहे का बघ, फुकट आहे.

आणि चारही चाकांच्या ताकदीवर फार पैसे घालू नकोस. गाडी थांबवतात ते टायर. हिवाळी टायरचे पैसे आधी बाजूला काढ.

– काका, मेपल ग्रोव्ह

———

ताई, काका, मनापासून आभार.

शनिवारी दोन्ही सीट घेऊन गेलो. आई अजून इथे नाही, म्हणून शेजारच्या आजींना विनंती केली. त्याही हौसेनं आल्या आणि प्रत्येक गाडीत तीनदा चढून-उतरून दाखवलं. एसयूव्हीत त्यांना दाराची कड धरून स्वतःला वर ओढावं लागत होतं. ते पाहिल्यावर हिनं स्वतःहूनच व्हॅन म्हटलं.

मुलाला पहिल्या गाडीत बकल लागेना. दुसऱ्या सिएनात, २०२१ च्या, त्यानं तिसऱ्या प्रयत्नात लावलं आणि “बाबा, आता मीच लावणार” म्हणाला. किंमत माझ्या आकड्यापेक्षा थोडी वर आहे, तेवढी सोसू. याआधी पाहिलेली एक स्वस्त गाडी मेकॅनिकनं लिफ्टवर चढवली तेव्हा ब्रेकच्या नळीला हात लावताच पापुद्रे निघाले. काका, तुमचा सल्ला नसता तर मी तीच घेतली असती.

या सिएनाची तपासणी गुरुवारी आहे. ठीक निघाली तर ताई, पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीनंतर दोन्ही सीट तुमच्याकडून बसवून घ्यायला येऊ का? मुलाची उंची काल दारापाशी मोजली, चार फूट अर्धा इंच.