मदत हवी आहे : घडीचं पिलाटेस रिफॉर्मर, दोऱ्या किती लावाव्या?

राम राम मंडळी. दर्यापूरजवळच्या खेड्यातून लिहितेय, वय 46. कापूस वेचून कंबर धरली. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी पिलाटेस नावाचा व्यायाम सांगितला. इथं क्लास कुठला बाप्पा! भाचीनं तिचं जुनं घडीचं रिफॉर्मर, म्हणजे रुळावर सरकणाऱ्या पाटीचं व्यायामाचं मशीन, पाठवलं. स्प्रिंगऐवजी चार रबरी दोऱ्या आहेत. पायानं ढकलली की पाटी जाते नीट, पण परत येताना धाडकन आदळते, सासूबाई दचकून उठतात. दोन दोऱ्या काढल्या तर ढकलणं हलकं झालं, पण हात दांड्यावर ठेवून अंग ताठ धरायला गेलं की पाटी पळते, उलट जास्त अवघड! नवशिकीनं कोणत्या व्यायामाला किती दोऱ्या लावाव्या? रुळात धूळ बसते, नुसतं पुसावं की तेल सोडावं? स्प्रिंगचं मोठं मशीन सुचवू नका, ओसरीत कापूस भरलाय.