आईचं मनगट मोडलंय, ड जीवनसत्त्व 11 आलंय, काय आणू?

परसबाग_खानापूर:
आई 66 वर्षांची. शेवाळलेल्या परसात घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासायला लावलं, ते 11 आलं. 60 हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, 8 आठवडे, आणि कॅल्शियमची गोळी लिहून दिलीय. महिन्याला 500 च्या वर जमणार नाही. पुडी कुठल्या कंपनीची आणू? प्रोटीन पावडर लागते का? पुडीनं हाड लवकर जुळतं का? सांगा की ओ.

शहापूर_मागवाला:
500 चा विचार सोडा, आईपेक्षा काय जास्त? पूर्ण शरीराची तपासणी करून घ्या, मी करून घेतलो. दिवसभर मागावर असतो, ऊन बघायला मिळत नाही, माझं पण कमीच होतं. परदेशी पावडर घेऊलालोय, डबा महाग आहे पण पाठ आता दुखत नाही.

निपाणीवाली:
आमच्याकडं हाडवैद्याचा पाला बांधतात. आत्याचं हाड त्यानंच जुळलं. डॉक्टर उगीच खर्च लावतात.

सांब्रा_आजोबा:
पाला आवळून बांधला आणि माझ्या नातवाची बोटं काळी पडायला लागली होती. प्लास्टर घातलेल्या हाताला वैद्य कशाला? सकाळचं कोवळं ऊन आणि नाचणीची आंबील, बस्स. आम्हाला कुणी पुड्या दिल्या होत्या?

औषधदुकान_चिकोडी:
आजोबा, नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण ड कमी असेल तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण फारच थोडे असतात. साधारण 11 ते 3 मधलं ऊन हवं, तेही हातपाय उघडे ठेवून. खिडकीच्या काचेतून आलेलं उपयोगाचं नाही.

परसबाग_खानापूर:
जून ते सप्टेंबर खानापुरात 11 चं ऊन कुठून आणू?

औषधदुकान_चिकोडी:
म्हणूनच पुडी. 20 च्या खाली म्हणजे कमतरताच. औषध तेच, कोलेकॅल्सिफेरॉल, त्यामुळं नावावर पैसे घालवू नका, जनऔषधीत विचारा. जेवणानंतर दुधाबरोबर घ्या, हे तेलातुपात विरघळणारं आहे, उपाशीपोटी नीट लागत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम 4 तासांनी.
हाड पुडीनं लवकर जुळेल असं छातीठोक सांगता येत नाही. पण नुसतं घसरून मनगट मोडणं ही या वयात हाडं ठिसूळ झाल्याची खूण असते, पुढं खुबा मोडायची भीती. डॉक्टरांना डेक्सा तपासणीचं विचारा, हाडं किती ठिसूळ झालीत ते त्यात कळतं.

निपाणीवाली:
इंजेक्शन का नाही घेत? एकदाच काम होतं. आमच्या सासऱ्यांनी मात्र आठवड्याची पुडी रोज घेतली, उलट्या, बद्धकोष्ठता, शेवटी बरळायला लागले. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं, ऍडमिट करावं लागलं. पुडी दिली की तारखेवर खूण करा.

औषधदुकान_चिकोडी:
खूण कराच. आणि पुडी चालू असताना कुणाच्या सांगण्यावरून वर इंजेक्शन नको.

शहापूर_मागवाला:
परत सांगतो, पावडर घ्या. दुधाबरोबर घ्या.

परसबाग_खानापूर:
सगळ्यांचे आभार. पुडी जनऔषधीतून आणली, रविवारी रात्री जेवणानंतर, कॅलेंडरवर खूण. थायरॉइड नाही. पावडर, मोठी तपासणी, इंजेक्शन, पाला काही नाही. डेक्सा पण आत्ता नाही. उरलेल्या पैशात परसातल्या पायऱ्यांना खरबरीत सिमेंट आणि धरायला लोखंडी नळी घालून घेते. आई परसात जायची थांबणार नाही.

सांब्रा_आजोबा:
ऊन पण सोडू नका हं.

औषधदुकान_चिकोडी:
डेक्सा लांबवू नका, प्लास्टर काढायला जाल तेव्हा तरी विचारा. हाडं खरंच ठिसूळ असतील तर नुसतं ड आणि कॅल्शियम पुरत नाही, त्याची वेगळी औषधं असतात.

परसबाग_खानापूर:
तेव्हा विचारते. गवंडी उद्या येतोय.

शहापूर_मागवाला:
न्हाणीत पण एक नळी लावा, साबणाच्या पाण्यावर जास्त घसरतं.