पाटे की एअरबॅग: आधी वजनाचं बघा

माल भरला की पिकअप मागून बसते, मग एअरबॅग (अपघातातल्या नव्हे, मागच्या पाट्यांना आधार म्हणून बसवायच्या हवेच्या रबरी पिशव्या) घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. त्यावर एकांनी लिहिलंय की बॅग बसवल्या की वजनही जास्त नेता येतं. कृपया हे धरून चालू नका. बॅग फक्त उंची सावरते. अ‍ॅक्सल, ब्रेक, टायर, चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) यांची क्षमता होती तेवढीच राहते.

रोज एकसारखं वजन असेल तर सरळ जाड पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, म्हणजे लीफ स्प्रिंग) घाला. कधी रिकामी, कधी भरलेली, कधी मागे ट्रेलर, अशांसाठी बॅग खरंच चांगली.

पाट्यांचा भार चॅसीवर दोन टोकांना विभागून जातो. बॅग तोच भार मध्ये एका जागी आणते. वजन अ‍ॅक्सलच्या मागे लोंबतंय आणि बॅग टम्म फुगवलीय, अशा गाड्यांची चॅसी वाकते. म्हणून रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, माल भरून पुन्हा मोजा, आणि गाडी जेवढी खाली बसली त्यातलं निम्मं-अधिक परत वर येईल एवढीच हवा भरा. पूर्ण लेव्हल करायचा हट्ट नको. रिकामी चालवतानाही किटवर दिलेला किमान दाब (बहुतेक 5 पीएसआयच्या आसपास) ठेवा, नाहीतर बॅग चिमटून फाटते.

दोन्ही बाजूंना नळी आणि व्हॉल्व्ह वेगळेच घ्या. एकच नळी असली की वळणावर दबलेल्या बाजूची हवा पलीकडे जाते आणि गाडी आणखी कलते. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवाच.