फॅन्टसी बेसबॉलचा पहिलाच लिलाव: २६० डॉलर कसे वाटावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बेसबॉल मनापासून पाहणारे बरेच जण इथे आहेत, हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून थेट विचारतो.

मी न्यू जर्सीत राहतो. ऑफिसमधल्या बारा जणांची आमची फॅन्टसी लीग आहे, म्हणजे प्रत्येकाने मेजर लीगमधले खरे खेळाडू घेऊन कागदावर आपला संघ करायचा आणि त्यांच्या हंगामातल्या आकड्यांवर गुण मिळवायचे. आजवर आम्ही पाळीपाळीने खेळाडू निवडत आलो. या वर्षी मात्र सर्वांनी मिळून लिलाव करायचं ठरवलंय. याहू आणि ईएसपीएन हल्ली याला सॅलरी कॅप ड्राफ्ट म्हणतात, पण आम्ही समोरासमोर बसून, तोंडी बोली लावून करणार आहोत. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ सुरू केला तो लिलावानेच, त्यामुळे मला याची फार उत्सुकता आहे. हंगाम सुरू होण्याआधीच्या शनिवारी बसायचं आहे.

नियम असे. प्रत्येकाला २६० डॉलर आणि २३ जागा. १४ हिटर (बॅटिंग करणारे): दोन कॅचर, चार इनफिल्डचे, एक कॉर्नर (पहिल्या किंवा तिसऱ्या बेसचा), एक मिडल (दुसऱ्या बेसचा किंवा शॉर्टस्टॉप), पाच आऊटफिल्डर आणि एक युटिलिटी (कुठलाही हिटर चालतो). बाकी ९ पिचर (चेंडू टाकणारे). गुण रोटिसरी पद्धतीने. बॅटिंगचे पाच विभाग: रन, होमरन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आलेले रन), स्टोलन बेस (पळून चोरलेला पुढचा बेस), ॲव्हरेज (हिटचं प्रमाण). पिचिंगचे पाच: विन, सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं), स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन), व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंवर फुकट दिलेला बेस); शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. प्रत्येक विभागात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. जुने खेळाडू राखून ठेवायची सोय नाही, सगळे कोरी पाटी घेऊन बसणार. उरलेल्या पैशाला पुढे काहीही किंमत नाही.

आता माझा हिशेब. बारा जणांचे मिळून ३१२० डॉलर आणि २७६ खेळाडू, म्हणजे सरासरी एका खेळाडूला ११ डॉलरच्या थोडं वर. पण ही सरासरी फसवी आहे, कारण प्रत्येक संघात चार-पाच जण एक-एक डॉलरला येणार आणि वाचलेला सगळा पैसा वरच्या नावांवर जाणार. आयपीएलमध्ये लखनौने ऋषभ पंतसाठी १२० कोटींच्या एकूण पर्समधले २७ कोटी मोजले, तेच प्रमाण इथे लावलं तर साधारण ५८ डॉलर होतात. ॲरन जज किंवा बॉबी विट ज्युनियर अशा अव्वल हिटरसाठी आमच्यात कोणी तिथवर जाईल का, हे मला आत्ता सांगता येत नाही.

दोन आराखडे केले आहेत.

पहिला: दोन मोठे हिटर, ५० आणि ४५ डॉलरला, आणि एक अव्वल पिचर ३२ ला. एकूण १२७. उरलेल्या २० जागांना १३३ डॉलर, म्हणजे जागेमागे साडेसहाच्या आसपास. वर तीन तारे, खाली बरीचशी भरती.

दुसरा: २८ डॉलरच्या वर कोणासाठीच जायचं नाही. सात हिटर सरासरी २२ ला म्हणजे १५४, बाकीच्या सात हिटरना २८. पिचिंगला ७८: दोन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) २०-२० ला, दोन क्लोजर (शेवटी येऊन सेव्ह मिळवणारे) १०-१० ला, राहिलेल्या पाच जागांना १८.

माझा कल दुसऱ्याकडे आहे. कारण साधं आहे. प्रत्येक विभागात तिसरा क्रमांक आला तरी १०० गुण होतात आणि तेवढ्यावर लीग जिंकता यायला हवी. कुठलाच विभाग तोडून जिंकायची गरज नाही. शिवाय दुखापतीची भीती आहे. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ स्टोलन बेस केले. साहजिकच पुढच्या वर्षी तो सगळ्यात महाग होता, आणि मे महिन्यात गुडघा गेला. ज्याने त्याच्यावर पर्सचा पाचवा हिस्सा घातला असेल त्याचा हंगाम तिथेच अर्धा झाला.

पण पहिल्या आराखड्याच्या बाजूने एक मुद्दा मला खोडता येत नाही. जागा २३ च आहेत. एकाच जागेतून जजसारखी कामगिरी मिळत असेल (२०२५ मध्ये ५३ होमरन आणि .३३१ ॲव्हरेज), तर २५-२५ डॉलरचे दोन खेळाडू त्याची भरपाई दोन जागा अडवून करतात. आणि एक डॉलरची जागा हंगामात बदलता येते, जज काही बाजारात परत येत नाही.

तर माझे प्रश्न:

हिटर आणि पिचर यांच्यात पैसा कसा वाटायचा? सगळीकडे ७०-३० वाचतोय, पण विभाग तर पाच-पाच आहेत. मग हे प्रमाण आलं कुठून?

स्टोलन बेसला अजून पूर्वीइतके पैसे द्यायचे का? २०२३ पासून बेस मोठे झाले, पिकऑफवर (बेसवरच्या धावणाऱ्याला बाद करायला पिचरने चेंडू फेकण्यावर) मर्यादा आली. २०२२ मध्ये अख्ख्या लीगमध्ये २४८६ स्टोलन बेस होते, २०२३ मध्ये ३५०३ आणि २०२४ मध्ये ३६१७ झाले. ओनील क्रूझने गेल्या वर्षी ३८ चोरले, पण ॲव्हरेज .२००. अशा खेळाडूची किंमत मला लावताच येत नाही.

कॅचर दोन लागतात. कॅल रॅली ६० होमरन मारणारा कॅचर. त्याच्यासाठी हात सैल सोडायचा का?

सुरुवातीला कोणाची नावं पुकारायची, हवे असलेल्यांची की नको असलेल्यांची?

आणि शोहेई ओहतानी, जो बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करतो. आमच्या लीगमध्ये हिटर ओहतानी आणि पिचर ओहतानी हे दोन वेगळे खेळाडू धरले आहेत. हिटर म्हणून तो फक्त युटिलिटीच्या जागेत बसतो. ती जागा पहिल्या तासातच अडकली तर पुढे त्रास होतो का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. आमच्यात कोणीच याआधी असा लिलाव केलेला नाही, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नाही.

डगआऊट:

छान मांडलंय. मी बरीच वर्षं लिलावाच्या लीग खेळतोय, जमेल तेवढं सांगतो.

आधी ७०-३० बद्दल. २३ पैकी १४ जागा हिटरच्या, म्हणजे निव्वळ जागांनीच ६१-३९ होतं. पुढचा फरक भरवशाचा आहे. हिटर रोज खेळतो आणि पाचही विभागांत भर घालतो. स्टार्टर चार विभागांत, त्यातही विन त्याच्या हातात नाही. शिवाय पिचर मोडतात. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआऊट केले आणि २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर कोपराची शस्त्रक्रिया झाली. गेरिट कोलची २०२५ च्या मार्चमध्ये झाली, अगदी ड्राफ्टच्या दिवसांत. आणि बारा संघांच्या लीगमध्ये मे-जूनपर्यंत न विकले गेलेले चांगले पिचर हाती लागतात, तसे हिटर लागत नाहीत. रॉन शँडलरची लिमा नावाची जुनी योजना तर याच्याही पुढे जाते: पिचिंगवर जास्तीत जास्त ६०, महागडे स्टार्टर सोडून द्यायचे आणि वॉक कमी, स्ट्राइकआऊट जास्त असलेले स्वस्त पिचर गोळा करायचे. मी स्वतः ७५ ते ८० च्या घरात राहतो, कारण तारिक स्कुबल किंवा पॉल स्कीन्स यांच्यासारखा एक अव्वल स्टार्टर असला की ईआरए आणि व्हिपचा पाया पक्का होतो.

पण तुमच्या दोन्ही आराखड्यांत मला एकच गोष्ट खटकते. तुम्ही जागांना पैसे वाटलेत, खेळाडूंना किंमत लावलेली नाही. लिलावात हे उलटं लागतं. आधी २७६ खेळाडूंची यादी करा, प्रत्येकापुढे किंमत लिहा आणि बेरीज बरोबर ३१२० येते का पाहा. नेटवरच्या तयार याद्या बऱ्याचदा दहा संघांसाठी किंवा एका कॅचरसाठी असतात, त्या तशाच उचलल्या तर सगळं गणित चुकतं.

बेरीज जुळली की खरी गंमत कळते. पहिल्या २० खेळाडूंवर खोलीने (म्हणजे लिलावाला बसलेल्या सगळ्यांनी मिळून) तुमच्या यादीपेक्षा ८० डॉलर जास्त घातले, तर उरलेल्यांसाठी ८० डॉलर कमी शिल्लक आहेत, म्हणजे पुढे भाव उतरणारच. तेव्हा थांबायचं. उलट सगळे बिचकत असतील आणि ४८ चा खेळाडू ४१ ला जात असेल, तर तोच क्षण घेण्याचा. मोठे तारे की समतोल, हे घरी बसून ठरवू नका, ते खोली ठरवते. म्हणून प्रत्येक सौद्यानंतर तुमची किंमत आणि विक्रीची किंमत यातला फरक कागदावर मांडत राहा. तुमच्या लीगमध्ये सगळेच नवे आहेत. अशा ठिकाणी माझ्या पाहण्यात पहिला अर्धा तास भाव चढतात, आणि १० ते २० डॉलरच्या मधल्या फळीत खरी स्वस्ताई असते.

तुमच्या दुसऱ्या आराखड्याला ही परिस्थिती मानवते, पण २८ ची भिंत काढून टाका. ४५ चा खेळाडू ३६ ला मिळत असताना नियम म्हणून हात आवरणं म्हणजे ९ डॉलर सोडून देणं.

तिसरा बेस:

डगआऊट यांच्याशी सहमत. राहिलेल्या प्रश्नांवर लिहितो.

स्टोलन बेस: सगळ्यांकडेच जास्त आले की एक क्रमांक वर चढायला पूर्वीपेक्षा जास्त बेस लागतात. त्यामुळे नुसता पळणारा स्वस्त व्हायला हवा. पीट क्रो-आर्मस्ट्राँगसारखे ३१ होमरन आणि ३५ बेस एकाच जागेतून देणारे शोधा. क्रूझबद्दल: .२०० वाला एक खेळाडू पेलायचा असेल तर दोन .२८५ वाले सोबत हवेत, त्यांचा खर्च क्रूझच्या किमतीत धरा. मग तो कितीला परवडतो ते आपोआप कळेल.

कॅचर: बारा संघ गुणिले दोन म्हणजे २४ कॅचर विकले जाणार, आणि शेवटचे सहा-सात जण ॲव्हरेज खाली खेचणारेच असतात. म्हणून रॅलीला थोडं जास्त देणं रास्त आहे. पण ६० होमरनची पुनरावृत्ती धरून बोली लावू नका. दुसरा कॅचर मात्र एक-दोन डॉलरचाच.

क्लोजर: एक भरवशाचा १४-१५ ला, दुसरा ५-६ ला. हंगामात क्लोजर बदलत राहतात, सेव्ह नंतरही मिळतात.

नावं पुकारणं: सुरुवातीला महाग आणि तुम्हाला नको असलेली नावं पुकारा, इतरांचे पैसे आधी सुटू देत. फक्त एक सावधगिरी. नको असलेल्या खेळाडूचा भाव वाढवायला बोली लावाल, तेव्हा तो त्या किमतीला गळ्यात पडला तर चालेल एवढीच लावा.

ओहतानी: युटिलिटी अडकली की पुढे स्वस्तात आलेला पहिल्या बेसचा खेळाडू किंवा जादा आऊटफिल्डर घेता येत नाही. माझ्या मते त्यासाठी दोन-तीन डॉलर कापा, त्याहून जास्त नाही. ५५ होमरन मारणाऱ्याला जागेसाठी नाकारू नये.

आणि हे कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: कमाल बोली = शिल्लक पैसे वजा (रिकाम्या जागा वजा एक). ७० डॉलर आणि ८ जागा असतील तर ६३. स्वतःचीच नाही, बाराही जणांची ही रक्कम लिहीत राहा. शेवटच्या फेऱ्यांत बाकीचे एक डॉलरवर आलेले असताना तुमच्याकडे प्रत्येक जागेला तीन असतील, तर हवा तो खेळाडू तुमचाच.

धागाकर्ता:

डगआऊट, तिसरा बेस, दोघांचेही मनापासून आभार. जागांऐवजी खेळाडूंना किंमत लावायची, हे वाचून सगळी यादी पुन्हा करायला घेतली आहे. पिचिंगला ७८ च ठेवतोय, पण त्यात स्कुबल किंवा स्कीन्स ३२ पर्यंत मिळाला तर घेईन आणि दुसरा स्टार्टर ८-१० मध्ये बसवेन. २८ ची भिंत काढली.

एक शंका उरली. बारा जणांची कमाल बोली आणि भावातला फरक, दोन्ही एकट्याने लिहायचं आणि बोलीही लावायची, हे जमतं का? लॅपटॉपवर तक्ता करू की कागदच बरा?

तिसरा बेस:

तक्ताच करा, पण अगदी साधा: नाव, किंमत, संघ. बाकीचं गणित त्यालाच करू दे. आदल्या रात्री ३०-४० खोटे सौदे भरून पाहा, हात बसतो. आणि चार्जर न्या, २७६ खेळाडूंचा लिलाव चार-पाच तास सहज चालतो.