मदत हवी आहे : पाच मेंढ्यांचा मेंढीकोट आणि सर्व्हर टेस्टिंग

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मित्र फावल्या वेळात ऑनलाइन मेंढीकोट (चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, जिंकायचा पत्त्यांचा खेळ) बनवतोय. गणपतीआधी प्ले स्टोअरवर टाकायचाय, कारण आरती झाली की पत्ते कुटायला बसणारी जनता तेव्हाच सापडते. गेम दिसायला-खेळायला ठीक आहे, घोडं पेंड खातंय ते सर्व्हरपाशी.

मांडणी अशी : सर्व्हर नोड जेएसवर, फोनशी सतत उघडी जोडणी ठेवायला वेबसॉकेट, पुढे दारवान म्हणून एन्जिनएक्स. चालू डाव रेडिसमध्ये (मेमरीतला झटपट साठा), आणि मागाहून त्याची नोंद पोस्टग्रेसमध्ये (कायमचा डेटाबेस). के-सिक्स हे सर्व्हरवर भार टाकून बघायचं साधन वापरून १० मिनिटांत हळूहळू ३००० बॉट (खोटे खेळाडू) चढवले. सगळे गुणी बाळासारखे आले, तेरा हात खेळले, निघून गेले. सीपीयूला घामही फुटला नाही.

मग शनिवारी रात्री नातेवाईक-मित्र मिळून ६० जणांना एपीके (अ‍ॅपची फाइल) पाठवली. पाऊण तासात दोन फजित्या.

माझ्या मावशीने इस्पिकची दश्शी टाकली, हात तिलाच मिळाला, आणि तेवढ्यात ती लिफ्टमध्ये शिरली. रेंज गेली. खाली उतरून बघते तर दश्शी परत तिच्याकडे! तिने अर्थातच ती पुन्हा टाकली. डाव संपला तेव्हा एका जोडीकडे तीन मेंढ्या, दुसरीकडे दोन. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय दंगा झाला ते विचारू नका. लॉग चाळल्यावर कळलं : परत जोडणी झाली की आम्ही पत्ते पोस्टग्रेसमधून उचलत होतो, आणि तिथे तो हात अजून लिहिलाच गेला नव्हता.

ते दुरुस्त करून मी घाईघाईत सर्व्हर रीस्टार्ट केला. साठही फोन एकदम तुटले आणि बरोब्बर एका सेकंदाने सगळे एकदम दारात. कनेक्शन पूल (डेटाबेसची मोजकीच कनेक्शनं सगळ्यांत वाटून वापरायची सोय) लावलेला नव्हता, प्रत्येक लॉगिन दोन-तीन कनेक्शन उघडत होतं, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००. ‘टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ने लॉग भरला. बॉटच्या वेळी हे दिसणार कसं? ते सेकंदाला पाचच्या हिशोबाने येत होते.

पूल आता लावलाय. पण प्रश्न असा, की बॉटना मावशीसारखं वागायला कसं शिकवायचं? आणि न दिसलेलं अजून काय काय असेल?

प्रतिसाद १

पाच मेंढ्या! हसू आवरेना, सॉरी.

आधी एक करा : प्रत्येक चालीला क्रमांक द्या. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यायचं, चाल पुन्हा मोजायची नाही. आणि प्रत्येक डावाअंती तपासणी : पत्ते ५२, मेंढ्या ४, हात १३. जुळलं नाही तर टेस्ट नापास, सीपीयू कितीही थंड असो. तुम्ही बॉट मोजलेत, पत्ते मोजले नाहीत.

बॉटपैकी वीसेक टक्के वाह्यात ठेवा. निरोप न देता जोडणी सोडणारे, मिनिटभराने परतणारे, एकाच खात्याने दोन फोनवरून येणारे. खराब रेंजचं नाटक लिनक्सवर टीसी नेटेम या साधनाने करता येतं : उशीर ३०० मिलिसेकंद, डेटाची गळती ५ टक्के.

लिफ्टमधला फोन ‘गेलो’ म्हणून सांगत नाही. लिनक्सचं कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय) चालू केलं तरी मूळ सेटिंगमध्ये ७२०० सेकंदांनी जागं होतं, म्हणजे दोन तास खुर्चीवर भूत. सर्व्हरकडून १५-२० सेकंदांनी पिंग (‘आहेस का?’ असा छोटा निरोप) पाठवा. त्याने एन्जिनएक्सचाही प्रश्न सुटेल, नाहीतर तो ६० सेकंद शांतता दिसली की जोडणी तोडतो. एखादा हुकूम कुठला करू म्हणून विचारात पडला की गेलाच.

फोनने परत येताना थांबण्याचा वेळ दर खेपेला दुप्पट करायचा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक घालायचा. मग ३००० बॉट बसलेले असताना सर्व्हर मुद्दाम पाडा. आकड्यांच्या अंदाजावर विसंबू नका. २०१६ मध्ये पोकेमॉन गोची वाहतूक ठरवलेल्या अंदाजाच्या ५० पट निघाली होती, आणि त्यांनी ‘वाईटात वाईट’ म्हणून ५ पटच धरली होती.

धागाकर्ता

चाल-क्रमांक आणि डावाअंतीची तपासणी काल रात्रीच घातली. २०० वाह्यात बॉट सोडले, पहिल्याच फेरीत एका डावात ५१ पत्ते. बदामची सत्ती गायब आहे, शोधतोय. पुढच्या शनिवारी मावशी परत खेळायला तयार आहे, पण म्हणते लिफ्टमध्ये आता मुद्दाम जाणार.